हसू आणि हसे

नोकरीनिमित्त परप्रांतात येऊन पडलेल्या मराठी माणसांचे मंडळ जेथे असते, तेथे जुन्या दिवाळी अंकांचे एक कपाट असते, गणेशोत्सवापुरती बाहेर निघणारी एक पेटी असते, आणि अलीकडे चित्रपट दाखविण्याचे काहीतरी साधनही असते. आमच्या मंडळातही हे सर्व आहे. महिन्यातून एका शनिवारी जेवणे उरकल्यावर एखादा चित्रपट लावावा असा परिपाठ आहे. आणि कोणता लावावा ह्याची चर्चा चित्रपटाहून अधिक वेळ चालावी, हाही परिपाठच आहे. ह्या चर्चेला काही वर्षांपूर्वी एका खेळाचे रूप आले. कोणीही न पाहिलेल्या आणि नावावरून वेडगळ वाटणाऱ्या चित्रपटाचे नाव एकाने घ्यावे, दुसऱ्याने त्यावर कडी करावी, आणि घेतलेले नाव खरे की आयत्या वेळी रचलेले, हे उरलेल्यांनी ओळखावे.

ह्या खेळात मोठी गंमत येते हे आम्ही नाकारीत नाही. 'सलीम लंगडे पे मत रो' हे नाव लेखापरीक्षण खात्यातील आमच्या एका स्नेह्यांनी ठामपणे खोटे ठरविले, आणि ते खरे निघाल्यावरही आपला आक्षेप कायम ठेवला. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' हे कोणास खातेनिहाय चौकशीचे शीर्षक वाटले. 'सतह से उठता आदमी' ऐकून जलसंपदा खात्यातील एका गृहस्थांनी ह्या माणसाची पातळी कोणत्या एककात मोजावयाची असे विचारले. असे तासभर हसून झाले की रात्रीचे दहा वाजलेले असत, आणि मग सर्वानुमते तोच लावला जाई जो सर्वांनी चारदा पाहिलेला असे. ज्यांच्या नावांवर आम्ही हसलो त्या चित्रपटांपैकी एकही आम्ही कित्येक महिने पाहिला नव्हता.

मंडळ म्हटले की त्यात एक तरी जोशी असतातच. आमचे जोशी दोन वर्षांत निवृत्त व्हावयाचे, स्वभावाने भिडस्त, आणि कार्यालयातून उशिरा सुटणारे. एके शनिवारी ते नेहमीप्रमाणे मागाहून आले, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एकाने न्यायालयातील पट्टेवाल्याच्या सुरात ललकारी दिली : "मोहन जोशी हाजिर हो!" हे एका चित्रपटाचे नाव आहे हे जोश्यांना ठाऊक नव्हते. ते क्षणभर दचकले, मग सर्वांबरोबर हसले. पुढे ही ललकारी दर शनिवारी होऊ लागली आणि त्यांच्या आगमनाचा एक विधीच होऊन बसली. शेवटी जोशीच एकदा म्हणाले, "रोज माझ्या नावाने समन्स निघते आहे, तर एकदा दावा काय आहे तो तरी पाहू या." त्या रात्री तो चित्रपट लावला गेला. त्या रात्रीविषयी आणि तिच्यामुळे आमच्या मनात आलेल्या विचारांविषयी येथे लिहावयाचे आहे.

मराठीत 'हसू' आणि 'हसे' असे दोन शब्द आहेत. त्यांतील अंतर इतके सूक्ष्म आणि इतके पक्के आहे की भाषा शिकणाऱ्या परक्या माणसास ते समजावून देताना आपली तारांबळ उडते. हसू येते, हसे होते. हसू येते ते आपल्याला. हसे होते ते दुसऱ्याचे, आणि ते होत असताना आपण काठावर उभे असतो. इंग्रजीतून 'कल्ट' ह्या नावाने जे चित्रपट ओळखले जातात, ज्यांना आपण संप्रदायी चित्रपट म्हणू, त्यांच्याविषयीची बहुतेक चर्चा हे दोन शब्द एकत्र कालवून चालते. विचित्र नावाचा, थोडक्यांनी पाहिलेला आणि त्या थोडक्यांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट म्हणजे संप्रदायी, एवढीच खूण धरली तर अगदी भिन्न जातींचे चित्रपट एका पंक्तीस बसतात.

ह्या पंक्तीत पहिला पाट बहुधा ज्याला मिळतो तो 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. अमेरिकेत एड वुड नावाच्या दिग्दर्शकाने १९५६ साली तो चित्रित केला. ह्यात बेला लुगोसी हा एके काळचा प्रसिद्ध नट दिसतो. पण तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला होता. त्याच्या हयातीत वुडने घेऊन ठेवलेली थोडी दृश्ये हाती होती. ती पुरेनात, म्हणून वुडने आपल्या पत्नीच्या हाडवैद्यास त्याच्या जागी उभे केले. हा वैद्य लुगोसीहून उंच आणि दिसण्यात अगदी निराळा. उपाय एवढाच, की त्याने सर्वत्र झग्याच्या बाहीआड तोंड लपवून वावरावे. चित्रपटाचे मूळ नाव 'अंतराळातून आलेले थडगेचोर' अशा अर्थाचे होते. ज्या बाप्टिस्ट मंडळींनी पैसा पुरविला त्यांना ते अभद्र वाटले, म्हणून ते बदलले. पुढे १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकात ह्या चित्रपटास आजवरच्या सर्वांत वाईट चित्रपटाचा मान देण्यात आला, आणि त्या मानामुळेच तो जगभर पाहिला जाऊ लागला. हे निखळ हसे आहे. वुडला भय निर्माण करावयाचे होते आणि त्याला ते साधले नाही. तथापि आम्ही तो पाहिला तेव्हा हसता हसता एक गोष्ट मनात राहिली : मेलेल्या मित्राची चार दृश्ये वाया जाऊ नयेत म्हणून धडपडणारा हा माणूस ढोंगी नव्हता. त्याचे हसे करणाऱ्यांतही पुढे त्याच्याविषयी ममत्व उत्पन्न झाले ते ह्यामुळेच असावे.

आपल्याकडे ह्या जातीचा म्हणून हटकून दाखविला जातो तो कांती शाह ह्यांचा १९९८ सालचा 'गुंडा'. ज्या चित्रपटावर गेल्या पंचवीस वर्षांत वसतिगृहांतून सर्वाधिक विनोद झाले, त्याचे नाव इतके साधे आहे की आमच्या खेळात त्याला प्रवेशच मिळाला नसता. ह्यातील खलपुरुष येतात आणि यमक जुळवून आपली ओळख करून देतात. लळितातील सोंगे किंवा दशावतारातील पात्रे जशी प्रवेशताच आपण कोण हे सांगून मोकळी होतात, तशी ही मंडळी सांगतात. ज्यांनी गावच्या जत्रेत रात्र काढली आहे त्यांना ह्या तऱ्हेचे नवल वाटू नये. आम्हांस तर ती पहिली दहा मिनिटे आवडली. नायक मिथुन चक्रवर्ती. मृणाल सेन ह्यांच्या १९७६ सालच्या 'मृगया'त, आपल्या पहिल्याच चित्रपटात, राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारा हा नट येथे कोठल्या मनःस्थितीत उभा आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. परंतु ह्या चित्रपटात नायकाच्या बहिणीवर अत्याचार होतो, तिची हत्या होते, आणि तेही त्याच यमकांच्या ओघात येते. पाहणारा घोळका तेथेही हसतो, कारण हसण्याची लय एकदा लागलेली असते. आम्ही त्या ठिकाणी उठून बाहेर ओसरीवर गेलो. 'वाईट म्हणूनच चांगला' हा संप्रदायाचा मंत्र आहे. पण त्या मंत्राच्या गजरात डोळ्यांपुढे काय चालले आहे हे दिसेनासे होत असेल, तर तो मंत्र आम्हांस नको.

दादा कोंडके ह्यांचे नाव ह्या संदर्भात निघाल्यावाचून राहत नाही. 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८) ही नावे उत्तर हिंदुस्थानी मित्रांस समजावून सांगण्याचा प्रसंग आमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. पण त्यांत गूढ असे काही नाही. नावाचा सोज्वळ अर्थ तपासनिसासाठी आणि दुसरा प्रेक्षकासाठी, आणि तो दुसरा अर्थ लावणारे मन प्रेक्षकाचे, असा तो चोख व्यवहार होता. दादांनी भित्तिपत्रकावर जे कबूल केले ते पडद्यावर दिले. त्यांचे चित्रपट थोडक्यांचेही नव्हते. त्यांना लोटलेली गर्दी आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे.

आता पुन्हा जोश्यांकडे. सईद अख्तर मिर्झा ह्यांच्या ज्या चार चित्रपटांनी आमच्या खेळाला इतका माल पुरविला, त्यांची नावे ओळीने मांडून पाहावी. 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८), 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०), 'मोहन जोशी हाजिर हो!' (१९८४), 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९). चारही नावांत मुंबईतील एकेक माणूस आहे. एक गुजराती वाटावा, एक ख्रिस्ती, एक मराठी, एक मुसलमान. आणि चारही नावे म्हणजे पूर्ण वा अपूर्ण वाक्ये आहेत : एक गोष्टीचा प्रारंभ, एक प्रश्न, एक पुकारा आणि एक निषेध. ही योजना खेळात नावे सुटी सुटी घेताना आमच्या ध्यानात आली नव्हती. नाव विक्षिप्त वाटते ते एवढ्याचसाठी, की हिंदी चित्रपटाच्या नावात साध्या माणसाचे आडनावासकट नाव असण्याची आपल्या कानांस सवय नाही. अल्बर्ट पिंटो हा मोटारी दुरुस्त करणारा तरुण. तो प्रथम रागावतो ते संप करणाऱ्या कामगारांवर. आपल्या रागाचा रोख चुकला आहे हे त्यास बाप गिरणीच्या संपात सापडल्यावर उमगते. त्या घरात सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे, स्मिता पाटील अशी आपल्या रंगभूमीवरील व पडद्यावरील माणसे भेटतात, आणि नावातील प्रश्नाचे उत्तर चित्रपट खरोखरच देतो.

मोहन जोशी हे मुंबईतील एका मोडकळीस आलेल्या चाळीत राहणारे वृद्ध गृहस्थ. भीष्म साहनी ह्यांनी ती भूमिका केली आहे, आणि त्यांच्या पत्नीची दीना पाठक ह्यांनी. साहनी हे मुळात हिंदीतील मोठे कथालेखक, त्यामुळे त्यांच्या अभिनयात नटाची सफाई नाही. एखादा शेजारचा म्हातारा आपल्याशी बोलतो आहे असे वाटते. घरमालक इमारतीची डागडुजी करीत नाही म्हणून हे जोडपे त्याच्यावर दावा लावते. मग वकील, तारखा, पुन्हा तारखा. नसीरुद्दीन शाह आणि सतीश शाह हे वकील झाले आहेत. ह्या दोघांनी म्हाताऱ्याची पुंजी कशी शोषून घेतली हे पाहताना आमच्या खोलीत हशा पिकत होता. जोशीही हसत होते. कामकाजाची भाषा, तहकुबी, 'पुढील तारखेस' ह्या शब्दातील ते शांत क्रौर्य, हे आमच्यापैकी कोणास नवे नव्हते. किंबहुना आम्हीच ते शब्द रोज लिहितो. चाळीतील शेजारी ह्या जोडप्याची टर उडवितात. म्हातारपणी मालकाशी भांडावयास निघाले म्हणून त्यांचे हसे होते. येथे आमच्या खोलीतील हसणे जरा मंदावले, कारण पडद्यावरचे ते शेजारी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून दर शनिवारी ललकारी देणाऱ्यांहून फारसे निराळे दिसत नव्हते.

शेवटी न्यायाधीश स्वतः जागेची पाहणी करावयास येतात. ते येणार म्हणून मालकाची माणसे इमारतीस तात्पुरते टेकू देऊन ती उभी असल्याचा देखावा करतात. सरकारी नोकरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्यास ह्या दृश्याचे स्पष्टीकरण लागत नाही. वरिष्ठ पाहणीस यावयाचे असले म्हणजे आदल्या रात्री कोठे चुना फिरतो, कोणत्या फायली वर येतात आणि कोणता दरवाजा बंद राहतो, हे आपण जाणतो. आपल्यापैकी काहींनी ते टेकू स्वतः लावलेले आहेत. इतक्या वर्षांचा आपला दावा ह्या चार लाकडांपायी वाया जाणार हे मोहन जोश्यांस दिसते. तो म्हातारा पुढे होतो, सारे बळ एकवटून ते टेकू उपसून काढतो, आणि इमारत त्याच्या अंगावर कोसळते.

दिवा लावल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या जोश्यांनी घड्याळ पाहिले आणि "चला, उशीर झाला" एवढे म्हणून चपला घातल्या.

ह्या चित्रपटास त्या वर्षी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. ज्या कोणी हे वर्गीकरण केले त्याची अडचण आम्ही समजू शकतो. रकाने ठरलेले असतात आणि कागद कोठेतरी लावावाच लागतो. परंतु मिर्झांनी स्वतः हा विनोद सुचविला असता तर तो अतिरंजित म्हणून आम्ही बाद केला असता.

असे का होते, हा प्रश्न त्यानंतर आमच्या मनात घोळत राहिला. नावावर हसणे सोपे असते, कारण त्यासाठी चित्रपट पाहावा लागत नाही. मिर्झांनी नाव विचित्र ठेवले ते आपण हसावे म्हणूनच असावे, असे आम्हांस वाटते. पट्टेवाल्याच्या पुकाऱ्यात एक हास्यास्पद थाट असतोच. पण ते हसू म्हणजे उंबरठा होता. त्यावर बसून आम्ही महिनोन् महिने गप्पा मारल्या आणि आत गेलोच नाही. जाणीवपूर्वक हसू मागणाऱ्या कलाकृतीचे आम्ही हसे केले. आणि ते करताना आपण फार रसिक, फार वेगळ्या चित्रपटांची नावे जाणणारे आहोत, असा समजही बाळगला. हा समज आमच्यापुरता नाही. चित्रपटांच्या ज्या मैफलींत आम्ही बसलो आहो तेथे दहा नावे घेणारा माणूस त्यांतील दोन पाहिलेला असला तरी पुष्कळ, असा आमचा अनुभव आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही चित्रपट केवळ नावाच्या आणि थट्टेच्या आधारानेच जगले. कमल स्वरूप ह्यांचा 'ओम दर-ब-दर' राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशाने १९८८ साली पूर्ण झाला, त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला, पुढील वर्षी त्यास फिल्मफेअरचे समीक्षक-पारितोषिकही मिळाले, आणि तरी आपल्या देशातील चित्रपटगृहांत तो लागला १७ जानेवारी २०१४ रोजी. मधली सव्वीस वर्षे त्याच्या पुसट झालेल्या ध्वनिचित्रफिती हातोहात फिरत होत्या. 'दर-ब-दर' म्हणजे आपल्या भाषेत दारोदार. नावाने स्वतःचे भविष्य असे वर्तविल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. प्रणवाच्या पवित्र अक्षराशेजारी दारोदार भटकण्याचा उर्दू वाक्प्रचार बसविणाऱ्या ह्या नावातच चित्रपटाची सर्व रीत आहे. स्थळ अजमेर-पुष्कर. ओम नावाचा शाळकरी मुलगा, श्वास दीर्घ काळ रोखून धरण्याची त्याची सिद्धी, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाच्या मागे लागलेला बाप, विज्ञान, जादू, धर्म, बाजार, बेडूक. ह्यांतील कोणते कशाच्या आधी येते हे सांगण्याची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. मिर्झांच्या चित्रपटात हसू अखेरीस थांबते. येथे ते थांबत नाही आणि स्पष्टही होत नाही. लहान गावातील मुलाच्या डोक्यात शाळेचे विज्ञान, घरातील पोथी आणि रेडिओवरील जाहिरात ही एकाच वेळी कशी वाजत असतात, ते जर कोणाला क्रमवार सांगता येत असेल तर त्याने सांगावे. कमल स्वरूप ह्यांनी ते क्रमाविना सांगितले आहे. आम्हांस तो सर्व कळला असे म्हणणे खोटे ठरेल, आणि त्याचा मधला भाग आवश्यकतेहून लांबला आहे असे आमचे मत आहे. तरीही अजमेरचे ते गच्चीगच्चीचे जग आम्ही विसरलो नाही.

मराठी वाचकांना ह्या दिग्दर्शकाविषयी आणखी आस्था वाटावी असे एक कारण आहे. १९७६ च्या 'घाशीराम कोतवाल' ह्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांत मणी कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा ह्यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. पुढे कित्येक वर्षे त्यांनी दादासाहेब फाळके ह्यांचा माग काढला. भागीदारांशी बिनसल्यावर फाळके सहकुटुंब काशीस जाऊन राहिले होते आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. त्या काशीवासावर कमल स्वरूप ह्यांनी त्याच नावाचा माहितीपट २०१३ साली केला आणि त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चित्रपट ज्याने ह्या देशात आणला तो मराठी माणूस परमुलखात बसून मराठी नाटक लिहीत होता, ही गोष्ट आम्हांला बाहेरून कोणी सांगावी लागली.

आमच्या खेळातील जलसंपदावाल्या गृहस्थांस मात्र एक खुलासा देणे आहे. 'सतह से उठता आदमी' (१९८०) हा मणी कौल ह्यांचा चित्रपट गजानन माधव मुक्तिबोध ह्यांच्या लेखनावर आहे. हे हिंदीचे थोर कवी घरात मराठी बोलत वाढले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी. तेव्हा ज्या पातळीवर आपण विनोद केला तिच्याखाली आपलेच पाणी होते.

मंडळातील खेळ बंद झालेला नाही. तो बंद व्हावा असे आम्हांस वाटतही नाही. मात्र आता एक नियम झाला आहे : ज्याने नाव काढले त्याने तो चित्रपट मिळवून आणावयाचा, आणि तो संपेपर्यंत कोणी उठावयाचे नाही. नियमामुळे नावे सुचण्याचा वेग पुष्कळ कमी झाला आहे. जिन्याच्या तोंडाशी होणारी ललकारीही त्या रात्रीनंतर कोणी न सांगता थांबली होती. चार-पाच शनिवार गेले. मग एकदा जोशी नेहमीसारखे उशिरा आले, दारात थांबले, खोलीभर नजर फिरविली आणि आपणच म्हणाले, "हाजिर आहे. आज कोणता?"